स्वतःच्या छपराखाली : बिशप रिचर्ड ॲलन यांचे जीवन आणि कार्य

नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा पाठ शिकवून झाला की वर्गातील एखादा विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतो. दार उघडलेच नाही, तर मग ती माणसे गेली कुठे? गेली अनेक वर्षे आम्ही या प्रश्नाचे उत्तर देत आलो आहोत. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला तो सत्याग्रह, १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी असा तो प्रवास आम्ही फळ्यावर रेखाटून दाखवतो. मात्र हा प्रश्न केवळ आपल्याच समाजापुढे उभा राहिलेला नाही. सुमारे दीडशे वर्षे आधी, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, एका प्रार्थनागृहातून अपमानित होऊन बाहेर पडलेल्या काळ्या माणसांपुढेही तो उभा होता. त्याचे उत्तर शोधण्यात ज्याने आपले आयुष्य वेचले, त्या रिचर्ड ॲलन नावाच्या लोकप्रिय मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाची ओळख या स्मरणिकेच्या वाचकांना करून द्यावी, असे आम्हास वाटले.

बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत ख्रिस्ती पाद्र्याचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. ॲलन यांची ईश्वरावरील श्रद्धा आमची नाही आणि ती आमची आहे असा देखावाही आम्ही करणार नाही. परंतु महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हाच त्या लढ्याशी आपले नाते जुळले. त्या नात्याच्या आधारे आम्ही हे लिहीत आहोत.

दास्यातील बालपण

रिचर्ड ॲलन यांचा जन्म १४ फेब्रुवारी १७६० रोजी झाला. आईवडील गुलाम असल्यामुळे मूलही जन्मतःच गुलाम ठरले. बेंजामिन च्यू हे फिलाडेल्फियातील नामांकित वकील या कुटुंबाचे मालक होते. रिचर्ड लहान असतानाच च्यू यांनी हे सारे कुटुंब डेलावेअरमधील डोव्हर गावाजवळच्या स्टोकली स्टर्जिस नावाच्या शेतकऱ्याला विकले. स्टर्जिस स्वभावाने मवाळ होता आणि गुलामांना मारझोड करणाऱ्यांपैकी नव्हता. परंतु तो कर्जबाजारी झाला, तेव्हा त्याने रिचर्डच्या आईला आणि काही भावंडांना विकून टाकले. मालक कितीही चांगला असला, तरी त्याच्या एका अडचणीपायी आपली आई कायमची नाहीशी होऊ शकते, हा धडा या मुलास कोवळ्या वयातच मिळाला. गुलामगिरीत मालकाच्या चांगुलपणाला किती अर्थ असतो, हे यावरून उमगावे.

त्या काळी मेथॉडिस्ट पंथ नवा होता. इंग्लंडमधील जॉन वेस्ली यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला हा पंथ मोठमोठ्या चर्चच्या भिंतींबाहेर, शेतात, खळ्यावर, रानात उपदेश करीत असे. त्याची भाषा सोपी होती. विद्वत्तेचा दिमाख तिच्यात नव्हता आणि खाणकामगारापासून गुलामापर्यंत सर्वांना तो एकत्र बसवू पाहत होता. स्वतः वेस्ली यांनी १७७४ साली गुलामगिरीचा निषेध करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. साहजिकच अनेक काळी माणसे या पंथाकडे ओढली गेली. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास रिचर्डनेही हा मार्ग पत्करला.

शेजारचे गोरे शेतकरी स्टर्जिसला बजावू लागले की, धर्माच्या नादी लागलेले गुलाम कामचुकार होतात. तेव्हा रिचर्ड आणि त्याच्या मोठ्या भावाने मनाशी निश्चय केला की, आपल्या सभांना बोट लावण्यास कोणाला जागाच ठेवायची नाही. पीक मागे पडले असेल, तर ते सभेलाही जात नसत. या चिकाटीचा परिणाम असा झाला की, खुद्द मालकानेच मेथॉडिस्ट उपदेशकांना घरी प्रवचनासाठी बोलावले. त्यांतील फ्रीबॉर्न गॅरेटसन यांनी स्वतःचे गुलाम आधीच मुक्त केलेले होते. त्यांच्या प्रवचनाने स्टर्जिसचे मन हलले आणि माणसाला मालमत्ता म्हणून बाळगणे अधर्म आहे, असे त्याला वाटू लागले.

तरीही त्याने रिचर्डला तसेच सोडले नाही. साठ पौंड सोन्या-चांदीच्या नाण्यांत किंवा दोन हजार डॉलर कागदी चलनात, असे मोल भरून स्वतःला विकत घ्यावे, असा करार १७८० च्या आरंभी झाला. पश्चात्ताप मालकाला झाला, पण त्याची किंमत गुलामाला मोजावी लागली. रिचर्डने लाकडे फोडली, वीटभट्टीवर काम केले आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात मिठाच्या गाड्या हाकल्या. लाकूडतोडीच्या पहिल्याच दिवशी हातांना असे फोड आले की, हात उघडता-मिटता येईना. ठरलेल्या पाच वर्षांच्या आतच, १७८३ साली, त्याने शेवटचा हप्ता फेडला आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी तो स्वतःचा धनी झाला.

पायी हिंडणारा उपदेशक

मिठाच्या गाड्या हाकतानाच वाटेवरच्या मुक्कामांत ॲलन प्रवचने देऊ लागले होते. मुक्तीनंतर डेलावेअर, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलँड या प्रांतांतून त्यांची भ्रमंती सुरू झाली. कोठे काही दिवस लाकडे तोडावीत, चार पैसे गाठीला बांधावेत आणि पुढच्या गावी चालू लागावे, असा त्यांचा क्रम होता. फिलाडेल्फियाजवळच्या रॅडनर येथे ते पोहोचले, तेव्हा चालून चालून त्यांचे पाय इतके सोलवटले होते की, एका कुटुंबाने त्यांना ठेवून घेतले आणि त्यांच्या पायांची शुश्रूषा केली. त्याच गावात त्यांनी प्रवचने दिली आणि ऐकणाऱ्यांत गोरेच अधिक होते. साधी भाषा, स्वच्छ आचरण आणि स्वतःच्या कष्टाची भाकरी ही त्यांच्या लोकप्रियतेची कारणे होती.

१७८४ च्या अखेरीस बाल्टिमोर येथे अमेरिकेतील मेथॉडिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत, असा नियम या परिषदेने केला. परंतु दक्षिणेतील मळेवाल्यांची नाराजी दिसताच सहा महिन्यांच्या आत तो नियम स्थगित झाला. समतेचा ठराव करणे सोपे, पण त्यासाठी वजनदार सभासदांना दुखावणे अवघड असते. आपल्या देशातील सुधारकांच्या परिषदांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

याच सुमारास बिशप फ्रान्सिस ॲस्बरी यांनी ॲलन यांना आपल्याबरोबर दक्षिणेच्या दौऱ्यावर येण्याचे निमंत्रण दिले. तेथील गुलामांत मिसळावयाचे नाही, प्रसंगी रात्री गाडीतच झोपावयाचे आणि मोबदला म्हणजे केवळ अन्नवस्त्र, अशा अटी होत्या. ॲस्बरी हे त्या पंथातील सर्वांत मोठे अधिकारी होते. त्यांच्यासोबत हिंडणे हा मोठा मान होता. परंतु ॲलन यांनी नकार दिला. आजारी पडलो तर मला कोण पाहील, माणसाने धडधाकट असताना उद्याच्या दिवसासाठी काही गाठीला ठेवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. कोणाच्या कृपेवर जगावयाचे नाही, हे सूत्र त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसते.

आधी संस्था, मग सभात्याग

फेब्रुवारी १७८६ मध्ये ते फिलाडेल्फियास आले. सेंट जॉर्ज या मेथॉडिस्ट चर्चमध्ये पहाटे पाचची प्रार्थना चालवण्याचे काम त्यांच्याकडे होते. दिवसभरात शहराच्या निरनिराळ्या भागांत ते चार-पाच वेळा प्रवचन देत. काही काळातच बेचाळीस काळ्या स्त्री-पुरुषांचा एक गट त्यांनी उभा केला. या लोकांसाठी स्वतंत्र प्रार्थनागृह असावे, असे त्यांना तेव्हाच वाटू लागले होते. परंतु ही कल्पना मांडताच शहरातील प्रतिष्ठित काळ्या मंडळींनी विरोध केला आणि केवळ तिघांनी त्यांना साथ दिली. गोऱ्या वडील पाद्र्यांपैकीही एकाने त्यांचा पाणउतारा केला.

१२ एप्रिल १७८७ रोजी ॲलन यांनी ॲब्सलम जोन्स आणि इतर सहकाऱ्यांसह फ्री आफ्रिकन सोसायटी ही परस्पर साहाय्य संस्था स्थापन केली. प्रत्येकाने दरमहा एक शिलिंग द्यावयाचा आणि वर्षभर वर्गणी भरल्यानंतर जो सभासद अडचणीत येईल, त्याला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळावयाचे. सभासद दिवंगत झाल्यास विधवेची आणि अनाथ मुलांच्या शिक्षणाची काळजी संस्थेने घ्यावयाची. व्यसनी आणि बेशिस्त माणसाला सभासदत्व मिळत नसे. ज्यांना राज्य नव्हते, बँक नव्हती, न्यायालयात पुरेसा आवाज नव्हता, त्यांनी एकेका शिलिंगातून आपला आधार स्वतः उभारला होता.

यानंतर सेंट जॉर्जमधील तो प्रसंग घडला. चर्चमध्ये नवी गॅलरी बांधली गेली आणि नवी जमीन घातली गेली. काळ्या सभासदांनी त्या कामासाठी हात सैल सोडून वर्गणी दिली होती. काम पूर्ण झाल्यावर एका रविवारी ते आले, तेव्हा त्यांना वरच्या गॅलरीकडे पाठवण्यात आले. आपल्या नेहमीच्या आसनांच्या वरच्या बाजूची जागा समजून ते बसले. प्रार्थना सुरू झाली आणि सर्वजण गुडघ्यांवर टेकले. इतक्यात धक्काबुक्कीचा आवाज आला. चर्चचा एक विश्वस्त ॲब्सलम जोन्स यांना धरून उठवत होता. प्रार्थना संपेपर्यंत तरी थांबावे, अशी विनंती जोन्स यांनी केली, ती मानली गेली नाही. दुसऱ्या विश्वस्ताच्या मदतीने विल्यम व्हाइट या सहकाऱ्यालाही ओढण्याचा प्रयत्न झाला. तेवढ्यात प्रार्थना संपली आणि सारी काळी मंडळी एकदिलाने उठून बाहेर पडली, ती पुन्हा त्या चर्चमध्ये परतली नाही.

ॲलन यांनी आपल्या आठवणींत या घटनेचे वर्ष १७८७ दिले आहे. गॅलरीच्या बांधकामाचे कागद तपासणारे इतिहासकार ती १७९२ च्या सुमारास घडली असे मानतात. वर्ष कोणतेही धरले, तरी साहाय्य संस्था आधी स्थापन झाली होती आणि सभात्याग नंतर घडला. बाहेर पडलेली माणसे रस्त्यावर आली नाहीत, कारण एकत्र जमण्याची, वर्गणी गोळा करण्याची, हिशेब ठेवण्याची सवय त्यांना आधीच लागली होती. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते.

पीतज्वराचे वर्ष

स्वतंत्र चर्चसाठी निधी जमवणे चालू असतानाच १७९३ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. हे शहर त्या वेळी अमेरिकेची राजधानी होते आणि त्याची वस्ती सुमारे पन्नास हजार होती. चार महिन्यांत जवळजवळ पाच हजार माणसे दगावली. हजारो लोक शहर सोडून पळाले, राष्ट्राध्यक्षही बाहेर पडले. काळ्या लोकांना हा रोग होत नाही, असा डॉक्टर बेंजामिन रश यांचा समज होता आणि त्यांनी ॲलन व जोन्स यांच्याकडे मदत मागितली. तो समज साफ खोटा होता. १७९२ साली शहरात सदुसष्ट काळ्या व्यक्तींचे दफन झाले होते, तोच आकडा १७९३ साली तीनशे पाचवर गेला. स्वतः ॲलन यांनाही या तापाने गाठले आणि त्यातून ते कसेबसे वाचले.

जेथे रक्ताची माणसे रुग्णाला टाकून जात होती, तेथे ही मंडळी शिरली. त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली, डॉक्टरांच्या सूचनेनुसार औषधोपचार केले, प्रेते उचलली आणि पोरक्या मुलांना आश्रय मिळवून दिला. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने एक पुस्तिका काढली. काळ्या परिचारकांनी अव्वाच्या सव्वा पैसे उकळले आणि चोऱ्या केल्या, असा आरोप तीत होता. ॲलन आणि जोन्स यांची त्याने स्तुती केली होती, पण समाजाला मात्र बदनाम केले होते. आपल्यापुरती स्तुती पदरात घेऊन गप्प बसणे त्यांना सोपे होते. तसे न करता १७९४ च्या आरंभी दोघांनी उत्तरादाखल स्वतःची पुस्तिका छापली आणि तीत जमाखर्च मांडला. प्रेते वाहून नेणे, मजूर लावणे, दूषित बिछाने पुरणे यांवर चारशे अकरा पौंड खर्च झाले होते. मिळालेली रक्कम दोनशे तेहतीस पौंड, दहा शिलिंग, चार पेन्स होती. म्हणजे एकशे सत्त्याहत्तर पौंडांहून अधिक रक्कम त्यांच्याच खिशातून गेली होती. महापौरांचे प्रशस्तिपत्रही त्यांनी पुस्तिकेस जोडले. बदनामीला त्यांनी शिवीगाळीने नव्हे, तर हिशेबाच्या वहीने उत्तर दिले. अमेरिकेतील काळ्या लेखकांच्या आरंभीच्या वादलेखनात या पुस्तिकेची गणना होते.

लोहाराच्या दुकानातील चर्च

बाहेर पडलेल्या मंडळींपैकी बहुसंख्यांनी इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील एपिस्कोपल पंथाशी जोडून घेण्याचे ठरवले. त्यांचे सेंट थॉमस चर्च १७९४ साली उघडले. त्याचे प्रमुखपद प्रथम ॲलन यांना देऊ केले होते. त्यांनी ते नाकारले. मेथॉडिस्टांनी आपल्याला कसे वागवले हे ते विसरले नव्हते, तरीही साध्या माणसाला समजेल असा उपदेश याच पंथात आहे, असा त्यांचा विश्वास होता. ॲब्सलम जोन्स तेथे गेले, ॲलन वेगळ्या वाटेने गेले आणि दोघांची मैत्री मात्र अभंग राहिली. मतभेद आणि फाटाफूट यांतील हा फरक आपल्या चळवळीतील मंडळींनी मनावर घ्यावा असा आहे.

सहाव्या रस्त्यावर, लोम्बार्ड रस्त्यानजीक ॲलन यांनी स्वतःच्या पैशाने जागा घेऊन ठेवली होती. लोहारकामाचे एक जुने लाकडी दुकान विकत घेऊन त्यांनी ते घोड्यांकरवी तेथे ओढून आणले आणि सुतार लावून प्रार्थनायोग्य केले. १७९४ साली बिशप ॲस्बरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि त्याला बेथेल हे नाव मिळाले. ॲलन या कामाचे वेतन घेत नसत. धुराडी साफ करण्याचा धंदा आणि जोडे शिवण्याचे काम यांवर त्यांचा संसार चाले. सहाव्या रस्त्यावरील त्याच जागेवर बेथेल चर्च आजही उभे आहे.

कागदाची लढाई

एवढ्यावर कथा संपली असती, तर तो एका सभात्यागाचा सुखान्त झाला असता. परंतु खरी परीक्षा पुढे होती. १७९६ साली बेथेलची रीतसर नोंदणी करावयाची ठरली. मसुदा तयार करण्याचे काम एका गोऱ्या मेथॉडिस्ट पाद्र्याने आपणहून अंगावर घेतले आणि वकिलाचा खर्च वाचवून देतो, असे सांगितले. बेथेलच्या मंडळींनी विश्वासाने सह्या केल्या. आपली इमारत आणि जमीन आपण गोऱ्यांच्या नियंत्रणाखालील परिषदेच्या हाती सोपवली आहे, हे त्यांना कित्येक वर्षांनी, नव्या वडील पाद्र्याने किल्ल्या आणि दप्तर मागितले, तेव्हा कळले. स्वतःच्या घामाच्या पैशाने उभारलेल्या घरात ते भाडेकरू ठरले होते.

मग ॲलन यांनी स्वतंत्र वकील गाठला आणि सभासदांच्या दोनतृतीयांश मताने १८०७ साली मूळ घटनापत्रात दुरुस्ती करून घेतली. त्यावर सेंट जॉर्जच्या अधिकाऱ्यांनी पाद्री पाठवण्यासाठी वर्षाला सहाशे डॉलरांची मागणी केली. घासाघीस होऊन ती दोनशेवर आली, तरी त्यांचे पाद्री वर्षातून जेमतेम पाच-सहा वेळा फिरकत. एकदा व्यासपीठाचा ताबा घेण्यासाठी गोरा पाद्री आला, तेव्हा सभासद मधल्या वाटेत दाटीवाटीने उभे राहिले आणि त्याला व्यासपीठापर्यंत पोहोचताच आले नाही. १८१५ साली तर चर्चच्या मालमत्तेचा लिलाव पुकारला गेला आणि ॲलन यांना आपलेच चर्च दहा हजार डॉलरांहून अधिक बोली लावून पुन्हा विकत घ्यावे लागले. अखेर सेंट जॉर्जच्या बाजूने प्रवचनाच्या हक्कासाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आणि १८१६ च्या आरंभी निकाल बेथेलच्या बाजूने लागला.

गुडघ्यांवरून उठून बाहेर पडण्यास काही क्षण लागले होते. आपले छप्पर निर्विवादपणे आपले होण्यास मात्र वीस वर्षांहून अधिक काळ लागला. या चरित्रातील हाच भाग आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो.

बिशप ॲलन

निकालानंतर लगेच, एप्रिल १८१६ मध्ये, बाल्टिमोर, विल्मिंग्टन, सेलम इत्यादी ठिकाणच्या काळ्या मेथॉडिस्ट मंडळींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले आणि आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली. प्रथम बाल्टिमोरच्या डॅनियल कोकर यांची निवड झाली होती. त्यांनी पद स्वीकारले नाही आणि ११ एप्रिल रोजी ॲलन पहिले बिशप झाले. मालमत्तेच्या हिशेबाला विकला गेलेला मुलगा आता एका संपूर्ण धर्मसंघटनेचा प्रमुख होता.

त्या काळी स्वतंत्र काळा माणूसही सुरक्षित नव्हता. दक्षिणेतील एका गुलाम-व्यापाऱ्याने एकदा खुद्द ॲलन यांनाच पळालेला गुलाम म्हणून पकडवण्याचा प्रयत्न केला. सारे शहर त्यांना ओळखत असल्यामुळे तो डाव फसला आणि तो मनुष्यच तुरुंगात गेला. काही महिन्यांनी ॲलन यांनी त्याच्यावरील फिर्याद मागे घेतली. पुढे १८२२ साली दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे डेन्मार्क व्हेसी यांचा उठावाचा कट उघडकीस आल्यावर तेथील याच पंथाचे चर्च पाडण्यात आले. तेव्हा तेथील पाद्री मॉरिस ब्राउन यांना फिलाडेल्फियात आसरा मिळाला. तेच ॲलन यांच्यानंतर दुसरे बिशप झाले.

या कार्यात त्यांच्या पत्नी सारा यांचा वाटा मोठा होता. पहिली पत्नी फ्लोरा यांच्या निधनानंतर १८०१ साली ॲलन यांचा सारा यांच्याशी विवाह झाला. सारा स्वतः गुलामगिरीतून आल्या होत्या. परिषदेस आलेल्या पाद्र्यांचे कपडे फाटलेले पाहून त्यांनी स्त्रियांना एकत्र केले, त्यांना जेवू घातले, त्यांचे कपडे शिवून दिले आणि १८२७ साली या कामाला संघटनेचे रूप दिले. पळून आलेल्या गुलामांनाही ॲलन दांपत्याच्या घराचा आसरा असे.

पुढारी म्हणून त्यांची कसोटी लागली, ती जानेवारी १८१७ मध्ये. स्वतंत्र काळ्या लोकांना आफ्रिकेत नेऊन वसवण्यासाठी वजनदार गोऱ्या पुढाऱ्यांनी नुकतीच एक संस्था काढली होती. ॲलन, जोन्स आणि जेम्स फोर्टन या नेत्यांचे मन या योजनेकडे काहीसे झुकले होते. बेथेलमध्ये सुमारे तीन हजार लोकांची सभा झाली. बाजूने कोण, असे विचारल्यावर एकही आवाज उठला नाही आणि विरोधाच्या एकमुखी गर्जनेने इमारत दणाणली. ही भूमी आमच्या पूर्वजांच्या घामाने आणि रक्ताने पिकली, ती आम्ही का सोडावी, असा लोकांचा भाव होता. ॲलन यांनी लोकांचे मत शिरोधार्य मानले आणि पुढील आयुष्यात या योजनेला ठाम विरोध केला.

काही मर्यादा

इतिहासाच्या अभ्यासकाने आरती ओवाळू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. ॲलन यांनाही तोच नियम लावला पाहिजे. १७९४ च्या पुस्तिकेत त्यांनी गुलामांना मालकाविषयी प्रेमभाव बाळगण्याचा उपदेश केला आहे. त्यामागची धार्मिक भूमिका समजून घेता येते, पण तो आमच्या बुद्धीला पटत नाही. जरीना ली या तरुणीने उपदेशक होण्याची परवानगी मागितली, तेव्हा आपल्या पंथाच्या नियमांत स्त्रीला तशी मुभा नाही, असे सांगून त्यांनी तिला परत पाठवले. प्रार्थनेच्या जागेवरून ओढून उठवले जाण्याचे दुःख जाणणाऱ्या माणसाने दुसऱ्यास व्यासपीठ नाकारावे, हा विरोधाभास होता. काही वर्षांनी बेथेलमध्ये एक पाद्री प्रवचनात अडखळला असता जरीना ली उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो विषय पुढे नेला. ते ऐकून ॲलन यांनी भर सभेत आपली चूक मान्य केली आणि तिला प्रवचनाची मुभा दिली. चूक झाली, ती उघडपणे सुधारली, ही गोष्टही त्यांच्या खात्यात जमा केली पाहिजे.

अखेर आणि वारसा

सप्टेंबर १८३० मध्ये निरनिराळ्या राज्यांतील काळ्या प्रतिनिधींची पहिली राष्ट्रीय परिषद बेथेलमध्येच भरली. सिनसिनाटीत काळ्या वस्तीवर झालेल्या हल्ल्यांची पार्श्वभूमी तिला होती. अध्यक्षस्थानी सत्तर वर्षांचे ॲलन होते. २६ मार्च १८३१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, त्यांच्या निधनापूर्वी जेमतेम तीन महिने, ३ जानेवारीस नायगाव येथे सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला होता. इतिहासात असे योगायोग घडतात. त्यांतून कार्यकारण काढावयाचे नसते, पण मनाला दिलासा मात्र मिळतो.

ॲलन यांच्या संघटनेने १८६३ साली ओहायो राज्यातील विल्बरफोर्स विद्यापीठ आपल्या मालकीचे केले. त्याच विद्यापीठात पुढे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १८९४ पासून दोन वर्षे अध्यापन केले. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच ड्युबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या आणि ड्युबॉइस यांनी त्यांना सहानुभूतीचे उत्तर पाठवले होते. अमेरिकेतील शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा जो प्रसिद्ध निकाल आहे, त्यातील वादी ऑलिव्हर ब्राउन हेही याच पंथाचे पाद्री होते. लोहाराच्या दुकानात सुरू झालेल्या कामाची सावली किती दूरवर पोहोचली, हे यावरून दिसते.

बाबासाहेबांचा मार्ग ॲलन यांच्याहून वेगळा होता. ॲलन यांनी अपमान करणारी इमारत सोडली, पण धर्म ठेवला, कारण दोष आचरणात आहे, शिकवणुकीत नाही, असे त्यांना वाटले. बाबासाहेबांनी शिकवणूकच तपासली, दोष मुळात आहे हे दाखवून दिले आणि बुद्धाच्या धम्माचा स्वीकार केला. परंतु एका गोष्टीत दोघांचे मत एकच होते. अपमानाच्या घरातून बाहेर पडणाऱ्या समाजाला स्वतःचे घर हवे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले आणि १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, ती याच जाणिवेतून.

ज्या निवासी शाळेची ही स्मरणिका आहे, तीही असेच एक छप्पर आहे. कोणी महिन्याची मजुरी दिली, कोणी धान्याचे पोते दिले, कोणी सुट्टीत येऊन भिंती रंगवल्या, तेव्हा येथे मुलांची अंथरुणे पडली. येथून शिकून गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज वकील आहेत, कोणी लेखापाल, कोणी अधिकारी. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, वर्धापनदिनी येऊन भाषण करा, हार स्वीकारा, पण एक दुपार राखून ठेवा आणि संस्थेचे खरेदीखत, विश्वस्तपत्र आणि जमाखर्चाच्या वह्या डोळ्यांखालून घाला. कोणाच्या तरी भरवशावर न वाचता सही केलेला एक कागद बेथेलच्या मंडळींना वीस वर्षे भोवला. आपल्या मुलांच्या डोक्यावरील छप्पर तसे गमावण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

जय भीम.